आमच्या गाडीचा हळवा कान

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

जगात अन्याय पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आज ना उद्या कोणी वाली भेटतो. दहाच्या पान्याला मात्र वाली नाही. आठचा पाना जागेवर असतो. बाराचा असतो. चौदाचा कधी लागतच नाही, म्हणून डोळ्यांसमोर लोळत असतो. दहाचा नसतो. काल दुपारी बॉनेटखाली एक क्लिप आवळताना तो माझ्या हातात होता, याला मी स्वतः साक्षी आहे. आज नाही. आणि गाडीतले निम्मे बोल्ट दहाच्याच मापाचे आहेत.

हिला विचारलं. म्हणाली, मी तुमच्या पान्यांना हात लावत नाही, मला बोटं स्वच्छ लागतात. (ही एक पॅथॉलॉजी लॅब सांभाळते. दिवसभर परक्यांच्या रक्तात काम करून आम्हाला स्वच्छता सांगते.) म्हटलं, मागच्या महिन्यात कुकरचा दांडा कोणी आवळला? म्हणाली, मीच, आणि पाना धुऊन पुसून परत ठेवला; तुम्ही तो जन्मात कधी धुतला होता का?

प्रश्नाला प्रश्न हे उत्तर होऊ शकत नाही. संशय कायम.

संकल्प: नवा पाना आणणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

पुढे मीच विसरलो तर असावी म्हणून थोडी पार्श्वभूमी.

गाडी: जुनी, चार दारांची, टर्बोवाली. आधीचा मालक दंतवैद्य. त्याने तिला मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; जोर लावला की शिट्टी वाजते) बसवला, एक्झॉस्टचा पाइप जाड केला आणि तिच्या कॉम्प्युटरमध्ये नवी ‘ट्यून’, म्हणजे इंजिनाने कसं चालायचं त्याचे हुकूम, भरली. मी ती निव्वळ डिकी मोठी आहे म्हणून घेतली. हिला तेव्हाही हेच सांगितलं होतं. म्हणाली होती, डिकीला शिट्टी कशाला लागते?

नॉक: सिलिंडरमधल्या पेट्रोलने ठिणगीच्या तालात जळायचं असतं. ते बेशिस्तपणे, आपल्या मर्जीने भडकलं की नॉक. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. फार झाला तर पिस्टन फुटतो.

नॉक सेन्सर: इंजिनाच्या अंगावर बोल्टने बसवलेला कान. नॉक ऐकला की तो कॉम्प्युटरकडे चहाडी करतो आणि कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो, म्हणजे जरा उशिरा टाकतो. किती मागे, तो आकडा माझ्या फोनवर दिसतो. शून्य म्हणजे आलबेल. उणे एक चालतं. उणे चार दिसलं की माणसाने विचारात पडावं.

परवा, रविवारी, ही आणि मी बाजारातून परत येताना: उणे चार.

विचारात पडलो आहे. कारण सव्वीस तारखेला ताईचं, म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचं, डोळ्याचं ऑपरेशन आहे. ताई दोन डोंगर पलीकडे एकटी राहते. एका डोळ्याने मुळातच दिसत नाही. ऑपरेशन दुसऱ्याचं आहे. तिने हिला फोनवर एवढंच विचारलं, मला आत नेतील तेव्हा तू असशील ना? ही हो म्हणाली. आणि मी, बाजूला उभा होतो, मोठ्याने म्हटलं, असेल म्हणजे काय, मी आणून सोडतो!

शब्द दिला आहे. तेवीस दिवस पुष्कळ झाले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी एकटा गेलो. गावाबाहेरचा रस्ता, तिसरा गियर, पेडल तळाला. शिट्टी. पाठ सीटला चिकटली. रीडिंग: शून्य.

संध्याकाळी हिला लॅबमधून आणलं. उणे साडेतीन.

पेट्रोल हलकं असणार. पद्धतशीर जायचं ठरवलं. संकल्प: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं, मग दुसरी. यालाच शास्त्र म्हणतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

पेट्रोल बदललं. प्लग बदलले. हवेचा फिल्टर बदलला. तिन्ही एकदम, कारण बॉनेट उघडलंच होतं.

दहाचा पाना नसल्यामुळे फिल्टरचा एक बोल्ट पकडीने आवळला. त्याच्या कडा गोल झाल्या. या बोल्टाचं पाप ज्याच्या माथी जायचं त्याच्या जाईल.

ही टॉर्च धरून उभी होती. उजेड नेहमी मला हवा तिथून चार बोटं बाजूला. सांगितलं. म्हणाली, मध्ये तुमचं डोकं आहे, तिथे जेवढा पडतोय तेवढा पडू दे, कामाला येईल.

८ फेब्रुवारी, रविवार

दोघं भाजी आणायला गेलो. उणे चार. घरी आल्यावर ही म्हणाली, कोथिंबीर राहिली. एकटा परत गेलो. शून्य. कोथिंबीर आणायला विसरलो, पण रीडिंग लिहून घेतलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

आज दात घासताना लख्ख उजेड पडला.

सगळी रीडिंग्ज दोन रकान्यांत मांडली. ही गाडीत आहे: नॉक आहे. ही गाडीत नाही: नॉक नाही. एकही अपवाद नाही! आमच्या तर्कशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असलं की दुसरं असतं, ते नसलं की हेही नसतं. तेव्हा पहिलं ते कारण. साप्ताहिकात भाषेचं सदर लिहायला लागण्यापूर्वी मी आयुष्याचा मोठा भाग हे फळ्यावर शिकवण्यात घालवला आहे. सोबत तंबीही द्यायचो, की बाबांनो, मध्ये लपलेली अट आधी शोधा. अग्नी आहे म्हणून धूर आहे असं वाटतं, पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. खरी भानगड ओल्या लाकडाची असते. ज्याला उत्तरपत्रिकेत ओलं लाकूड सापडलं नाही, त्याला मी दयामाया न दाखवता नापास केलं.

इथे ओलं लाकूड नाही. तपासलं. कारण ही आहे.

हिला सांगितलं. सौम्य शब्दांत, परिभाषा वापरून. ती डबा भरत होती. म्हणाली, म्हणजे मी बसले की इंजिन बिघडतं. म्हटलं, बिघडतं असं नाही, अस्वस्थ होतं. म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी अस्वस्थ होते तेव्हा कुठल्या फोनवर आकडा बघता?

विषयांतर. पण वाक्य बरं होतं. सदरात वापरता येईल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रयोग पहिला: हिला मागच्या सीटवर बसवून लॅबला सोडलं. उणे साडेतीन. तिच्या लॅबमधल्या मुलींनी खिडकीतून पाहिलं. एकीने विचारलं म्हणे, मॅडम, सरांनी टॅक्सी सुरू केली का?

प्रयोग दुसरा: वजनाची शंका दूर करणं क्रमप्राप्त होतं. हिला वजन विचारलं. सांगितलं नाही. मग अंदाजाने संस्कृत कोशाचे सगळे खंड आणि वर दोन व्याकरणं पुढच्या सीटवर रचली. पट्टा लावला, नाहीतर गाडी पीं-पीं करत बसते. बाहेरच्या रस्त्यावर गेलो, तिसरा गियर, पेडल तळाला. एका वळणावर ‘क’ ते ‘ज’ माझ्या मांडीवर आले. पण रीडिंग: शून्य.

म्हणजे वजन नाही. व्यक्तीच.

जेवताना निष्कर्ष जाहीर केला. ही म्हणाली, कोश सोबत असताना तुम्ही कसे गेलात? म्हटलं, नेहमीसारखा. म्हणाली, नेहमीसारखे म्हणजे एकटे असल्यासारखे. मी बसले की तुम्ही वेगळे चालवता. म्हटलं, अर्थात, काळजीने चालवतो. म्हणाली, काळजीने म्हणजे गाडी जेमतेम चालायला लागली की पाचवा गियर घालता, आणि मग चढ येवो नाहीतर काही येवो, तो बदलायचं नाव नाही. तशीच पेडल दाबून ढकलत राहता. ती कण्हत असते बिचारी.

गियर हा नॉकचा विषय आहे असं मला वाटत नाही. शिवाय पाचवा गियर मी तिच्याच सुखासाठी घालतो. आवाज कमी, हिसके कमी, तिला झोप लागते. कृतज्ञता हा गुण जगातून नाहीसा होत चालला आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळी हकिकत टाकली (हिचा उल्लेख ‘पॅसेंजर लोड’ असा केला). तिथे एक बूस्टगुरू आहेत. त्यांचं खरं नाव कोणाला माहीत नाही. फोटोच्या जागी टर्बोचं चित्र असतं. त्यांचं उत्तर आलं: भाऊ, नॉक-बिक काही नाही, मॉडिफाइड गाडीत सेन्सर भलतेच आवाज ऐकतो. फॉल्स नॉक. सेन्सर ओव्हरसेन्सिटिव्ह.

अतिसंवेदनशील! एका शब्दात माणसाने माझं सगळं घर पाहिल्यासारखं सांगितलं.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, आमच्याकडे एखाद्याचा रिपोर्ट वाईट आला तर आम्ही पुन्हा रक्त घेतो. मशीन खोटारडं आहे असं पेशंटला सांगून घरी पाठवत नाही. म्हटलं, इंजिन हे रक्त नाही. म्हणाली, नाही ना, रक्ताची तुम्ही एवढी काळजी घेत नाही. तुमच्या साखरेचा रिपोर्ट कधीपासून फ्रिजवर लावलाय मी.

हो, लावलाय. मी तो उलटवून मागे ट्यूनवाल्याचा नंबर लिहिला आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

विजय!

नवा सेन्सर बसवायला घेतला. ठरावीक जोराने आवळायचा असतो, त्याला खास पाना लागतो. तो नव्हता, हाताचा अंदाज होता. हात आत घातला, तर इनटेकच्या नळ्यांखाली, थेट इंजिनाच्या अंगाला टेकून, काय? दहाचा पाना! दोन आठवडे तिथे थरथरत होता. सेन्सरच्या कानाशी बसून टकटक करत होता. म्हणजे हाच तो फॉल्स नॉक! बूस्टगुरूंना साष्टांग.

हिला हाक मारली. पाना पाहून म्हणाली, म्हणजे मी सुटले? म्हटलं, संशयाचा फायदा देऊन. म्हणाली, आणि पान्यावरून मला जे ऐकवलंत त्याचं काय? म्हटलं, तेव्हाच्या पुराव्यांवर तो निष्कर्ष योग्यच होता.

ती पाना घेऊन आत गेली. धुऊन आणला. हातात दिला.

लगेच चक्कर मारून आलो. शून्य. शून्य. शून्य. आल्या आल्या सांगितलं. म्हणाली, एकटेच गेला होतात ना?

तपशील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हिला लॅबमधून आणलं. चढावर उणे पाच.

उणे पाच! पाना काढल्यावर, सेन्सर नवा घातल्यावर! मनाला लागलं. गाडी थांबवून हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मी श्वास घ्यायची थांबू का?

रस्ताभर नंतर बोललो नाही. मी रीडिंगमुळे. ती कशामुळे ते विचारायचं राहिलं.

निष्कर्ष: कानाला खोड लागली आहे. एकदा खोटं ऐकायची सवय झाली की नवा कानही तेच ऐकतो. बूस्टगुरूंचं मत तेच. ते म्हणतात, थ्रेशोल्ड वर घ्या. म्हणजे सेन्सरला जरा सहनशीलता शिकवायची. बारीकसारीक आवाजांकडे दुर्लक्ष कर, असं त्याला कॉम्प्युटरमधून बजावायचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लॅपटॉपवाल्याकडे गेलो. दंतवैद्याच्या काळापासून या गाडीची ट्यून हाच करतो. शेडमध्ये तीन पडदे, दोन पंखे आणि बसायला एका रेसच्या गाडीतून काढलेली सीट, जिच्यात बसलं की उठता येत नाही. स्वभावाने दिलदार. म्हटलं, सेन्सर फार हळवा आहे. म्हणाला, सर, सगळ्यांचाच असतो, किती वर घेऊ? म्हटलं, किती घेता येईल? म्हणाला, तुम्ही सांगा, मी हॉर्न वाजला तरी ऐकणार नाही असा करून देतो.

मधलं काहीतरी ठरलं. तो हसतच होता. मीही हसलो. अगदी मोकळं वाटलं. येता येता वाटेत हिला घेतलं. तोच चढ, तोच पाचवा गियर, तीच ही.

रीडिंग: शून्य!

फोन तिच्यापुढे धरला. म्हटलं, बघ, आता तू कितीही बस. म्हणाली, आवाज तर तोच येतोय. म्हटलं, कसला आवाज? म्हणाली, डब्यात खडे हलवल्यासारखा.

हा दाखला मीच तिला दिलेला. माणूस शिकवतो आणि लोक त्याच्यावरच वापरतात. म्हटलं, पडद्यावर काय आहे ते वाच. वाचलं. म्हणाली, शून्य. मग म्हणाली, बरं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणाली, ताईकडे मी आदल्या दिवशी दुपारच्या बसने जाते. रात्री तिच्याजवळ राहीन, सकाळी तिच्यासोबतच हॉस्पिटलला जाईन. तुम्ही मागून सावकाश या.

अपमान. शब्द मी दिला आहे. गाडी शून्य दाखवते आहे. आणि ही बसने जाणार, म्हणजे लोक काय समजतील? म्हटलं, मी महिनाभर बॉनेटखाली डोकं घालून बसलो ते कोणासाठी? तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी खरमरीत येणार, तयारीत बसलो. म्हणाली, बरं.

पटलं तिला. युक्तिवाद थोडक्यात असला की पटतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

बाजार, येता-जाता दोन्ही वेळा: शून्य.

योगायोग असा की घरातही शांतता आहे. काळे हात पांढऱ्या टॉवेलला पुसले, तिने त्याची घडी घालून ठेवली. जेवणाच्या टेबलावर जुने प्लग मांडून ठेवले होते. तिने आपलं ताट बाजूच्या स्टुलावर घेतलं आणि जेवली. साखरेचा रिपोर्ट फ्रिजवरून गेला. विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नंबर लागत असेल म्हणून तुमच्या टेबलावर ठेवला.

कुरकुर नाही. टोमणा नाही. इतक्या वर्षांत एवढा निवांत रविवार आठवत नाही. सगळीकडे एकदम सुधारणा होते आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

ताईचा फोन. मीच घेतला. घाबरलेली वाटली. म्हणाली, भाऊजी, ऑपरेशन बारा वाजता आहे, मला साडेअकराला आत नेणार. ती नक्की येईल ना? अंधारात कोणाचा तरी ओळखीचा हात हवा. म्हटलं, ताई, दहालाच दारात गाडी उभी असेल, शिट्टी ऐकू येईल तुम्हाला. हसली थोडी.

फोन हिच्याकडे दिला. ती आतल्या खोलीत जाऊन बोलली. पूर्वी माझ्यासमोरच बोलायची, मी मध्येमध्ये दुरुस्त्या करत असे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तयारी. टायरची हवा, पाणी, ऑइल. दहाचा पाना स्वतंत्र पिशवीत, पिशवीवर नाव. ट्यून तपासली: शून्य. काच पुसली.

हिने बॅग भरली. मोठी बॅग. म्हटलं, दोन दिवसांना एवढी? म्हणाली, ताईला किती दिवस लागतील कोणास ठाऊक. बरोबर आहे. आणि शेवटी डिकी मोठी असल्याचा उपयोग झालाच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. घाटाच्या वरच्या वळणावर, दगडावर बसून

क्रमाने लिहितो. टो-ट्रक यायला वेळ आहे.

सहाला निघालो. थंड हवा, रिकामा रस्ता. ही रात्री नीट झोपली नव्हती, म्हटलं झोप. तिच्यासाठी पाचवा गियर घातला तो घातलाच. पहिला डोंगर सुरळीत. शून्य. दुसऱ्या डोंगराचा चढ लागला. गाडी जड वाटली, पेडल आणखी दाबलं. गियर खाली घेतला असता तर शिट्टी वाजली असती, ती उठली असती. घेतला नाही.

आवाज आला. खडे. मीही ऐकला. पडद्यावर शून्य होतं, म्हणून ऐकला नाही असं ठरवलं.

ही जागी झाली. विचारलं, हे काय वाजतंय? मी फोन तिच्यापुढे धरला. तिने शून्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग खिडकीबाहेर. बरंसुद्धा म्हणाली नाही.

पुढच्या वळणावर धाड. एकच. मग खडखडाट, मागे निळा धूर, सगळी काच धुराने भरली. अग्नी कुठे दिसत नव्हता, एवढं शास्त्रीय निरीक्षण मी त्याही अवस्थेत केलं.

बॉनेट उघडलं. दहाचा पाना काढला. तो घेऊन काय करायचं ते कळेना.

तेवढ्यात खालून बस आली. गावोगाव थांबणारी, सगळ्यांत धिमी. ही रस्त्याच्या मध्ये उभी राहून हात हलवत होती. डिकीतून बॅग तिने स्वतःच काढली. मी पुढे झालो तर म्हणाली, राहू द्या, हात काळे आहेत. बसच्या पायरीवर चढून तिने मागे वळून पाहिलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं: कोणाचीही गाडी बंद पडू शकते. ती काही म्हणाली असती तर दिलं असतं.

ती आत वळली. दार बंद झालं.

दुपार

मेसेज आला. ताईला आत नेलं होतं. मी पोचले तेव्हा दार बंद. ऑपरेशन ठीक झालं म्हणतात.

मी लिहिलं, देवाची कृपा. मग लिहिलं, गाडी टो करतोय. पहिल्यावर दोन निळ्या खुणा आल्या. दुसऱ्यावरही आल्या.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅपटॉपवाल्याच्या शेडमध्ये. इंजिन उघडलं. एका पिस्टनची कड तुटून आत खाली गेली होती. त्याने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मग पडद्यावर कालचा लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, काढला आणि अभिमानाने म्हणाला, पण सर, लॉग बघा कसा क्लीन आहे, शेवटपर्यंत शून्य!

बूस्टगुरूंना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. वर की खाली, कळलं नाही. चित्र लहान होतं.

बसायला तीच रेसची सीट होती. उठता येईना म्हणून पूर्ण महिन्याचा लॉग वाचत बसलो. त्यात नॉकच्या शेजारी आणखी रकाने असतात: इंजिन किती फिरतंय, पेडल किती दाबलंय, गियर कोणता. मी ते कधी पाहिले नव्हते. मला एकच आकडा हवा होता. जिथे जिथे ही गाडीत होती, तिथे तिथे पाचवा गियर, इंजिन जेमतेम फिरतंय आणि पेडल दाबलेलं. एकही अपवाद नाही. कोश सोबत होते तेव्हा तिसरा.

ओलं लाकूड सापडलं. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसत होतं. आणि हे मला बारा तारखेला, जेवताना, आमटी वाढता वाढता एका व्यक्तीने सांगितलं होतं.

नियमाप्रमाणे स्वतःला नापास केलं. तरी पद्धत बरोबर होती, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

१ मार्च, रविवार, संध्याकाळ

टेबलावरचे प्लग उचलले. टॉवेल भिजत घातला. डाग जात नाही. साखरेचा रिपोर्ट पुन्हा फ्रिजवर लावला, नंबराची बाजू मागे करून.

हिचा फोन आला. ताईची पट्टी उद्या काढणार. विचारलं, ताई मला काही म्हणाली का? म्हणाली, नाही, आत नेताना तिने एका नर्सचा हात धरला, तिला वाटलं मीच आहे, सगळा वेळ तिच्याशी माझ्या नावाने बोलत होती.

मी म्हटलं, चूक माझी. पाचवा गियर. तू म्हणालीस तेच निघालं. मग थांबलो. मुद्दाम थांबलो. एवढी मोकळी जागा मी तिला कधी दिली नव्हती. पूर्वीची ही असती तर त्या जागेत तिने मला वर्षभर पुरेल एवढं ऐकवलं असतं.

म्हणाली, बरं.

विचारलं, कधी येतेस? म्हणाली, बघू. इथल्या एका लॅबला माणूस हवाय म्हणतात. विचारलं, रागावलीस? म्हणाली, नाही हो. जेवलात का? म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो, आणि तिला ते कळलं असणार. पूर्वी लगेच पकडायची. म्हणाली, ठेवते मग.

लॅपटॉपवाल्याकडे दुसरं इंजिन पडून आहे. ते बसेल. इंजिनाची मला काळजी नाही; महिनाभर आहे असं उगाच लिहीत आलो.

ती मला आता काहीच बोलत नाही. ती परत येणार नाही, अशी मला भीती वाटते.